पोरेचहून बोटीने एका दिवसात व्हेनिस : जावं का? (आईबाबा सोबत)

मृगनक्षत्र
नमस्कार मंडळी. जूनमध्ये क्रोएशियाला चाललोय. इस्त्रियात पोरेचला आठवडाभर अपार्टमेंट घेतलंय, मी, नवरा, लेक (वय ९) आणि माझे आईबाबा. आता गंमत अशी की पोरेचच्या धक्क्यावरून सकाळी पॅसेंजर कॅटामरान निघते ती तीनेक तासांत व्हेनिसला पोचते आणि संध्याकाळी तीच परत आणते. हे वाचल्यापासून बाबांनी डोकं खाल्लंय, म्हणतात समुद्रातून व्हेनिसला जायचं म्हणजे जायचंच. आईचे गुडघे दुखतात, तिला बोटही लागते. नवरा म्हणतो सहा तास प्रवास आणि हातात जेमतेम पाच-सहा तास, त्यात एवढ्या गर्दीत काय दिसणार, त्यापेक्षा पोरेचलाच पाण्यात डुंबू. तिकिटं काही स्वस्त नाहीत, पाच जणांचे बरेच होतात. कोणी केलंय का हे? वर्थ आहे का? युट्यूबवर सगळे गोरे वीस-पंचवीसचे धावत सुटलेले दिसतात, त्याचा उपयोग नाही.

आगाऊ_बगळा
बाबा +१. नवरा -१. धागा बंद करा.

सदू_सात्विक
आम्ही व्हेनिस "केलं" आहे. ग्रुप टूरने. बस ट्रोंकेत्तोच्या पार्किंगला थांबली, तिथून टूरवाल्यांची बोट, उतरल्यावर छत्री धरलेल्या बाईमागे चाळीस जण, मग काचेच्या कारखान्यात एका माणसाने फुंकून दीड मिनिटात घोडा बनवला, टाळ्या, मग दुकानात पाऊण तास, मग "आता फ्री टाइम, पण चाळीस मिनिटांत सिंहाच्या खांबाखाली जमा". त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली, तिथे दीड युरो द्यावा लागतो आणि आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी त्यावर जी हुज्जत घातली ती मला सान मार्कोच्या मुख्य चौकापेक्षा जास्त लक्षात आहे. तेव्हा मृगाताई, तुम्हाला पाच तास मिळतायत तर ते ऐश्वर्य समजा.

मृगनक्षत्र
सदू, हाहाहा. घोडा घेतलात की नाही?

सदू_सात्विक
घेतला. पुण्याला पोचेपर्यंत त्याचा गाढव झाला होता, कान तुटले.

पाडोवाकर
मी पाडोव्यात शिकतो, व्हेनिस ट्रेनने अर्ध्या तासावर. थोडं कडू बोलतो, राग मानू नका. जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहायचे, २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. घरं सगळी टुरिस्टांना भाड्याने, भाजीचं दुकान जाऊन तिथे मुखवट्यांचं दुकान. आणि सगळ्यात जास्त राग कोणाचा येतो तर सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांचा, कारण ते रात्री राहत नाहीत, नीट जेवत नाहीत, फक्त पूल अडवून फोटो काढतात. म्हणून २०२४ पासून एका दिवसाच्या पाहुण्यांकडून प्रवेश फी घेतात. २५ एप्रिल २०२४ ला सुरू झाली, पहिल्या वर्षी २९ दिवस होती आणि ५ युरो. २०२५ मध्ये ५४ दिवस, आणि अगदी आयत्या वेळी बुक केलं तर १० युरो. सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात. बोटीने आलात म्हणून सुटका नाही. १४ वर्षांखालच्यांना माफ, म्हणजे लेकीचे वाचले. तुम्ही जाणार त्या वर्षीच्या तारखा पालिकेच्या साइटवर बघा, क्यूआर कोड येतो तो फोनमध्ये ठेवा, मधे अडवून तपासतात.
माझा सल्ला : जाऊ नका. किंवा एक रात्र राहा. संध्याकाळी सात नंतरचं व्हेनिस आणि दुपारी बाराचं व्हेनिस ही दोन वेगळी गावं आहेत.

कडक_चहा
पाडोवाकर, तुम्ही अर्ध्या तासावर राहता म्हणून हे बोलणं सोपं आहे हो. पुण्याहून सत्तरीतले आईबाबा घेऊन माणूस परत कधी येणार आहे? आणि पाच जणांची एक रात्र तिथे म्हणजे किती होतात ते पण सांगा की. गर्दी नको तर कोणीच जाऊ नये, मग आधी तुम्ही जाणं बंद करा.

पाडोवाकर
मी नोव्हेंबरात जातो, धुक्यात :) पण मुद्दा मान्य, पैशाचं गणित प्रत्येकाचं वेगळं. मी एवढंच म्हणतो की जाणार असाल तर सान मार्को ते रियाल्तो पूल या एकाच पट्ट्यात सगळे घुसतात तिकडे घुसू नका.

बंड्या_बॉनवाला
आधी व्हिसाचं बोला. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) आहे आणि युरोसुद्धा त्याच दिवशी आला. त्याआधी हीच ट्रिप म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्यांना डोकेदुखी होती, इकडून बाहेर तिकडे आत, मल्टिपल एंट्री असेल तरच. अजून इंटरनेटवर जुने ब्लॉग फिरतायत त्यात पासपोर्ट कंट्रोलच्या रांगेत एक तास गेला वगैरे लिहिलंय, ते वाचून घाबरू नका. आता शेंगेन व्हिसावर दोन्हीकडे चालतं. पण पासपोर्ट मूळ घेऊनच जा, झेरॉक्स नाही. दुसऱ्या देशात जाताय.

मृगनक्षत्र
बंड्या धन्यवाद, आमच्या एजंटने तर "इटली वेगळी लागेल" असं ठोकून दिलं होतं.

हिरवी_मिरची
आम्ही दोन वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरून बुकिंग केलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. आदल्या रात्री मेसेज, हवामानामुळे फेरी रद्द. पैसे परत मिळाले पण तीन आठवड्यांनी आणि चार मेल केल्यावर. त्यामुळे सुट्टीच्या शेवटच्या दिवशी हे ठेवू नका, सुरुवातीला ठेवा, म्हणजे रद्द झालं तर दुसरा दिवस हाताशी राहतो. नंतर दोन दिवसांनी गेलो तेव्हा समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत, माझी मुलगी पूर्ण वेळ झोपली. बोट लागण्यावर : मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर, मधोमध बसवा आईंना. गोळी घ्यायची तर बोट सुटायच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर नाही, आणि बीपीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. सकाळी उपाशी नेऊ नका, कोरडं काहीतरी पोटात हवं.

दर्यावर्दी
(मर्चंट नेव्हीतून निवृत्त, एड्रियाटिकमध्ये बऱ्याचदा जाऊन आलोय, त्यामुळे थोडं लांबेल.)
जूनमध्ये काळजीचं कारण कमी. तिथे त्रास देतात दोन वारे. बुरा म्हणजे ईशान्येकडून डोंगरावरून कोसळणारा थंड वारा, त्याचा जोर हिवाळ्यात. दुसरा युगो, आग्नेयेकडून, तो लाटा मोठ्या करतो आणि हाच वारा पाणी उत्तरेकडे ढकलून व्हेनिसच्या पुरात हातभार लावतो. उन्हाळ्यात काय होतं तर दुपारनंतर अचानक ढग भरून वादळी पाऊस, तो तासाभरात जातो. पोरेच ते व्हेनिस सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, म्हणजे मांडव्याच्या लाँचसारखं पाऊण तासात आटपणारं काम नाही, मधे बराच वेळ किनारा दिसत नाही. बाबांना तेच हवं असणार!
आता खरी मजा शेवटच्या अर्ध्या तासात. लगून (व्हेनिस ज्यात वसलंय ती उथळ खाडी) आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या लांब चिंचोळ्या पट्ट्या आहेत आणि आत शिरायला तीनच तोंडं : लिडो, मालामोक्को, किओज्जा. तुमची बोट लिडोच्या तोंडातून आत जाईल. तिथेच समुद्राच्या तळाशी मोझेचे, म्हणजे पूर अडवायच्या यंत्रणेचे, दरवाजे निजलेले असतात, तिन्ही तोंडांना मिळून ७८. एरवी पाणी भरून तळाशी पडून राहतात, पुराचा अंदाज आला की आत हवा दाबून भरतात, पाणी बाहेर जातं आणि पिवळ्या पत्र्याची भिंत वर उभी राहते. ३ ऑक्टोबर २०२० ला पहिल्यांदा खऱ्या भरतीला उचलले. त्याच्या आदल्या वर्षी, १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी १८७ सेंमीपर्यंत चढलं होतं, १९६६ च्या १९४ नंतरचं सगळ्यात मोठं.
आत शिरलात की बोट एकदम हळू होईल, लाटेने भिंती आणि पाया झिजतो म्हणून वेगावर बंधन आहे. पाण्यात तीन-तीन लाकडी खांब एकत्र बांधून रोवलेले दिसतील, त्यांना ब्रिकोले म्हणतात, ते खोल मार्ग दाखवतात. ते सोडून बाहेर गेलात तर चिखलात रुतलात, कारण एवढी ५५० चौरस किलोमीटरची लगून पण सरासरी खोली मीटर-सव्वा मीटर. शत्रू आला की हे खांब उपटून टाकायचे, झालं, परक्या जहाजाला रस्ताच कळत नाही. तटबंदीशिवाय हजार वर्षं काढली त्या लोकांनी ती अशी. आणि लगून आपोआप टिकलेली नाही बरं का, ब्रेंता, सिले, पियावे या नद्या गाळ आणून ती बुजवत होत्या, म्हणून व्हेनिसवाल्यांनी त्यांची तोंडंच वळवून बाहेर समुद्रात सोडली, शेकडो वर्षांपूर्वी, फावड्याने.

आगाऊ_बगळा
काका, वेगळा धागा काढा की यावर. वाचनखूण साठवली आहे.

गोट्या_सिव्हिल
दर्यावर्दी काका, जबरी. एक भर घालतो. मृगाताई ज्या किनाऱ्यावरून निघणार तिथूनच अर्धं व्हेनिस गेलंय. इस्त्रियाचा पांढरा चुनखडक, अतिशय घट्ट, पाणी जवळजवळ शोषतच नाही. व्हेनिसमध्ये खाली चिखलात लाकडी खुंट ठोकलेले, चिखलात हवा नाही म्हणून ते कुजत नाहीत, त्यावर या दगडाचे थर, आणि त्यावर मग विटांची इमारत. वीट ओल ओढते, हा दगड ती अडवतो. रियाल्तोचा पूल (१५९१) याच दगडाचा. सगळा माल जहाजाने यायचा, तुम्ही ज्या मार्गाने जाताय जवळपास त्याच. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक संपवलं तोपर्यंत पोरेच, रोविन्य हे सगळं व्हेनिसचंच होतं. रोविन्यच्या चर्चचा मनोरा बघा, सान मार्कोच्या मनोऱ्यावरून बेतलाय. आणि पोरेचची सहाव्या शतकातली युफ्रेशियन बॅसिलिका सोडू नका, सोनेरी मोझॅक आहेत, युनेस्कोच्या यादीत आहे, व्हेनिसच्या मानाने गर्दी काहीच नाही.

कडक_चहा
म्हणजे गोट्या, नवरोबा बरोबर म्हणतायत की, पोरेचलाच थांबा!

गोट्या_सिव्हिल
नाही नाही, उलट. दोन्ही बघितलं तरच कळतं. दगड इथे, महाल तिथे.

शोभाताई_क
मूळ प्रश्नाकडे या रे सगळ्यांनी. मृगा, मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते, दोन्ही गुडघ्यांची बोंब, काठी हातात. त्या अनुभवावरून सांगते. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. नकाशात "दहा मिनिटं चालत" दाखवतं ते आपल्यासाठी, गुडघेवाल्यांना त्यात चार पूल लागतात. म्हणून चालायचंच नाही, पाण्यावरूनच फिरायचं.
इकडच्या बोटी सहसा सान बासिलियोला लागतात, सान मार्कोला नाही. तिथून बाहेर आलं की जवळच व्हॅपोरेत्तोचा (पाण्यातली बसच) थांबा, २ नंबर पकडायची. एकेरी तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटं चालतं, आणि २४ तासांचा पास २५ युरो. तीनदा बसलात की पास वसूल, आणि तुम्ही तीनदा बसणारच. चढायच्या आधी मशीनला टेकवायला विसरू नका, तपासनीस आला तर "माहीत नव्हतं" चालत नाही. ही २ नंबर जुदेक्काच्या कालव्यातून जाते आणि सान मार्कोच्या समोरच्या बेटावर सान जॉर्जो मज्जोरेला थांबते. तिथे उतरा. चर्च पालादिओ या वास्तुविशारदाचं, आत शांत, आणि मनोऱ्यावर जायला लिफ्ट आहे! सान मार्कोच्या मनोऱ्यालाही लिफ्ट आहे पण रांग बघूनच गुडघे दुखतात. शिवाय सान जॉर्जोवरून सान मार्को दिसतं, सान मार्कोवरून ते कसं दिसणार. (तो सान मार्कोचा मनोरा १९०२ मध्ये सपशेल कोसळला होता, आताचा १९१२ चा आहे. आमच्या सासूबाई म्हणाल्या, मग मी कशाला चढू.)
मग पुढच्या थांब्याला सान झक्कारिया, चौकात चक्कर मारायची, आणि तिथून १ नंबर. ही हळू जाते, ग्रँड कॅनॉलमधून प्रत्येक थांबा घेत पियात्साले रोमापर्यंत. पाऊण तास बसल्या जागी सगळे महाल, रियाल्तो पुलाखालून, फुकटात म्हणजे पासात. पियात्साले रोमाला उतरून परत २ नंबर, सान बासिलियो. सासूबाई एकही मोठा पूल चढल्या नाहीत आणि अजून सगळ्यांना सांगतात मी व्हेनिस पाहिलं.
परतीच्या बोटीला तासभर आधी पोचा. ती थांबत नाही.

मृगनक्षत्र
शोभाताई, तुम्हाला साष्टांग. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली "त्यांच्या सासूबाई माझ्यापेक्षा मोठ्या का?" म्हणजे आता जाणारच, इभ्रतीचा प्रश्न झालाय.

सदू_सात्विक
गोंडोला नाही का कोणी सांगत? अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सात नंतर ११०. माणशी नाही, पूर्ण गोंडोल्याचा. गाणं वेगळं. आमच्या ग्रुपमध्ये माणशी घेतले होते, आम्ही त्यात सहा जण बसलो होतो, आणि नंतर मी गणित केलं तर मला झोप आली नाही.

पाडोवाकर
गोंडोला नकोच. ग्रँड कॅनॉल एका काठावरून दुसऱ्यावर जायला त्रागेत्तो असतात, दोन माणसं वल्हवतात, बाहेरच्यांना २ युरो. दोन मिनिटांत पलीकडे. लेकीला तेवढी हौस पुरे. आणि सान बासिलियोहून झात्तेरेच्या काठाने थोडं पुढे सान त्रोव्हासो म्हणून जागा आहे, तिथे गोंडोले दुरुस्त करतात, पलीकडच्या काठावरून फुकट दिसतं. गोंडोला डावीकडे २४ सेंमी जास्त रुंद असतो, मुद्दाम वाकडा, कारण एकच माणूस एकाच बाजूने वल्हवतो, सरळ बांधला तर गोल गोल फिरत बसेल.

आगाऊ_बगळा
"जाऊ नका" पासून "इथून फुकट दिसतं" पर्यंत पाडोवाकरांचा प्रवास विलोभनीय.

पाडोवाकर
शोभाताईंचा प्लॅन वाचून बदललो. असे लोक आले तर माझी हरकत नाही.

हिरवी_मिरची
खाण्याचं काय? आईबाबा शाकाहारी आहेत का?

मृगनक्षत्र
बाबा सगळं खातात, आई अंडंसुद्धा नाही. मेथीचे ठेपले नेणारच आहोत, हसू नका.

शोभाताई_क
हसतंय कोण, आम्ही दशम्या नेल्या होत्या. फक्त सान मार्को चौकात पायऱ्यांवर बसून डबा उघडू नका, तिथे बसून खायला बंदी आहे, दंड करतात. कबुतरांना तुकडे टाकायलाही बंदी. बोटीवरच खाऊन घ्या. पाणी विकत घेऊ नका, चौकाचौकात नळ आहेत, पिण्याचंच पाणी, बाटली भरा. आणि कॉफी उभ्याने काउंटरवर. बसलात की दर वेगळा, चौकातल्या बँडवाल्या कॅफेत बसलात तर संगीताचे पण लावतात बिलात.

दर्यावर्दी
बाबांसाठी : दारूच्या लहान गुत्त्यांना बाकारो म्हणतात, तिथे काउंटरवर छोटे छोटे खाऊचे तुकडे मांडलेले असतात, चिकेत्ती. त्यात सार्दे इन साओर मागा. तार्ली तळून, भरपूर कांदा व्हिनेगरमध्ये शिजवून त्यावर पसरायचा, बेदाणे आणि चिलगोजे, आणि एक-दोन दिवस मुरवायचं. खलाशांचं खाणं, जहाजावर टिकावं म्हणून. मी जहाजाच्या कुककडून शिकलो होतो, घरी अजून करतो.

कोकणकडा
बेदाणे? तार्लीत? काका, हे काय चाललंय.

दर्यावर्दी
खाऊन बघ आणि मग बोल.

कोकणकडा
आमच्याकडे तार्लीत फक्त तिरफळ जातं. बाकी सगळा अपमान.

बंड्या_बॉनवाला
धागा हायजॅक झाला. एक कामाचं विचारतो, गाडीने नाही का जाता येत? पोरेचहून स्लोव्हेनिया, त्रिएस्तेवरून.

गोट्या_सिव्हिल
येतं, अडीच-तीन तास, गर्दी नसेल तर. स्लोव्हेनियाच्या हायवेचा विनेट (टोलचा पास) घ्यावा लागतो, इटलीत टोल, व्हेनिसला पियात्साले रोमा किंवा ट्रोंकेत्तोचं पार्किंग महाग. शिवाय जून-जुलैच्या शनिवारी सीमेजवळ गाड्यांची रांग. वेळ तेवढाच जातो आणि नवरा बिचारा चालवत बसतो. तो शनिवार बोटीसाठीसुद्धा टाळा, मधला वार घ्या, प्रवेश फीचे दिवसही जास्त करून शुक्रवार ते रविवारच होते.

मृगनक्षत्र
ठरलं. पोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मंगळवार किंवा बुधवार ज्या दिवशी फेरी असेल तेव्हा, म्हणजे रद्द झाली तर पुढचे दिवस आहेत. नवरा म्हणतो मी येतो पण घोडा घेणार नाही. आता शेवटचा प्रश्न, बुकिंगला सीट निवडायला देतात. कुठली बाजू?

दर्यावर्दी
जाताना उजवी. लिडोतून आत आलात की दोजेचा (व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखाचा) महाल, मनोरा, सान मार्को सगळं उजवीकडे येतं, सान जॉर्जो डावीकडे, आणि मग झात्तेरेचा काठ परत उजवीकडे. येताना डावी. आईंना मात्र मिरचीताईंनी सांगितलं तसं मधे मागेच बसवा, लगूनमध्ये शिरल्यावर पाणी शांत होतं तेव्हा खिडकीशी आणा.

सदू_सात्विक
आणि मृगाताई, आल्यावर वृत्तांत टाका, फोटोंसकट. गाळीव फोटो नकोत, गर्दीचे पण टाका.

कोकणकडा
काका, ते बेदाणेवाल्या तार्लीचं प्रमाण टाका. करणार नाही, नुसतं बघायचंय.

दर्यावर्दी
अर्धा किलो तार्लीला अर्धा किलो कांदा. बाकीचं पाककृतींच्या विभागात लिहितो, इथे शोभाताई ओरडतील.